ड्रमसाठी आठ चॅनेलचा प्रीॲम्प घेताय? आधी इंटरफेसची पाठ बघा

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर बारा बाय चौदाची एक खोली आहे. गेली सहा वर्षं तिथं ड्रमसेट मांडलेला आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी दोन चॅनेलच्या छोट्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा; एका माइकची वाट म्हणजे एक चॅनेल) रेकॉर्ड करायचो. एक माइक किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), एक डोक्यावर. स्नेअर हवा तसा वर येत नव्हता, टॉम कुठंतरी लांब वाजल्यासारखे यायचे. मग पैसे साठवले आणि पुण्याला जाऊन एक सेकंडहँड आठ चॅनेलचा प्रीॲम्प (माइकचा बारीक संकेत वाढवणारा डबा) आणला. स्वारगेटपासून कोल्हापूरपर्यंत एसटीत तो खोका मांडीवरून खाली ठेवला नाही.

घरी येऊन उघडला. पुढं आठ माइक इनपुट, मागं आठ ॲनालॉग आउटपुट, बस्स. माझ्या इंटरफेसला लाईन इनपुट (आधीच वाढवलेला संकेत घेणारे) दोनच. म्हणजे आठ माइक आत जाणार आणि कॉम्प्युटरपर्यंत दोनच पोहोचणार. वस्तूत काही खोट नव्हती, विकणाऱ्यानंही फसवलं नव्हतं. मी काय विचारायला हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं. तो प्रीॲम्प चार महिने कपाटावर पडून राहिला आणि शेवटी तोट्यात विकावा लागला.

त्यानंतर आजवर ओळखीतल्या सहा-सात जणांना असा सेट उभा करून दिला. कुणी रॉक बँडवाले, कुणी ऑर्केस्ट्रातले, एक ग्रुप हलगी-घुमक्याचा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "भावा, कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न शेवटी यायला पाहिजे. त्याच्या आधीचे प्रश्न खाली क्रमानं मांडले आहेत, त्याच क्रमानं जा.

१. आधी माइक मोजा, मग चॅनेल

एक कागद घ्या आणि तुमच्या सेटला खरंच किती माइक लागणार ते लिहून काढा. पाच नगांच्या नेहमीच्या सेटला सगळी हौस करायची म्हटली तर यादी अशी होते: किक, स्नेअर वरून, स्नेअर खालून, हाय-हॅट (पायानं उघड-मीट होणारी झांजांची जोडी), दोन टॉम, फ्लोअर टॉम, दोन ओव्हरहेड (सेटच्या वर लावलेले माइक), आणि खोलीचा एक. झाले दहा. आठ चॅनेलमध्ये बसवायचं असेल तर हाय-हॅटचा आणि खोलीचा माइक आधी काढा. हाय-हॅट ओव्हरहेडमध्ये आणि स्नेअरच्या माइकमध्ये भरपूर येतोच. घरातल्या छोट्या खोलीत 'रूम माइक' म्हणजे भिंतीवरून आपटून आलेला आवाज, तो बहुतेक वेळा वापरलाही जात नाही.

चार माइकमध्येही उत्तम काम होतं. ग्लिन जॉन्स या इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत तीच आहे: एक किकला, एक स्नेअरला, एक स्नेअरच्या वर साधारण मीटर-सव्वा मीटरवर, आणि एक फ्लोअर टॉमच्या बाजूनं हाय-हॅटकडे बघणारा. वरचा आणि बाजूचा हे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. सुतळी घ्या, एक टोक स्नेअरवर धरा आणि दोन्हीकडे मापा. अंदाजानं लावू नका. अंतर चुकलं की स्नेअर पोकळ लागतो.

मग हेही लिहा: ड्रम वाजत असताना दुसरं कोण वाजवणार? गाईड गाणं (ड्रमवाल्याला ऐकायला गायलेलं कच्चं गाणं), गिटार, बेस, ऑक्टोपॅड? त्यांचे चॅनेल वेगळे. मी प्रत्येकाला सांगतो, आज लागतील त्यापेक्षा दोन जास्त धरा. चार लागत असतील तर आठचाच घ्या, कारण चारचा घेतलेला माणूस वर्षभरात पुन्हा दुकानात येतो. सोळाच्या मागं मात्र लागू नका. सोळा चॅनेल म्हणजे सोळा केबल, सोळा स्टँड, आणि त्यातला प्रत्येक माइक दुसऱ्याशी फेजमध्ये आहे का (दोघांच्या लहरी एकमेकींना मारत नाहीत ना) हे बघत बसणं.

२. तुमच्या इंटरफेसच्या मागच्या बाजूचा फोटो काढा

हीच पायरी मी चुकवली होती, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि मागं काय काय आहे ते वाचा. चारपैकी एक गोष्ट निघेल.

*फक्त यूएसबी आणि दोन-चार इनपुट.* अशा इंटरफेसला वेगळा आठ चॅनेलचा प्रीॲम्प जोडायला जागाच नाही. प्रीॲम्पचा विचार सोडा आणि आठ माइक इनपुट असलेला नवा इंटरफेस बघा.

*सहा-आठ लाईन इनपुट, साधारण पाव इंची जॅकचे.* इथं ॲनालॉग आउटपुटवाला प्रीॲम्प चालतो. एक गोष्ट मात्र तपासा: ते इनपुट खरंच लाईन पातळीचे आहेत का. काही इंटरफेसमध्ये माइक आणि लाईन एकाच जोड-सॉकेटमध्ये असतात आणि लाईनही आतल्या माइक प्रीॲम्पमधूनच फिरून जाते. तसं असेल तर चांगल्या प्रीॲम्पचे पैसे अर्धे वाया गेले.

*चौकोनी, झाकणवालं ऑप्टिकल सॉकेट, शेजारी 'एडॅट' किंवा 'ऑप्टिकल इन' लिहिलेलं.* हे असेल तर तुमचं काम सोपं आहे. एडॅट ही मुळात अलेसिस कंपनीची १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची डिजिटल टेप मशीन, एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक रेकॉर्ड करणारी. मशीन गेली, पण तिची केबल राहिली. एका बारीक प्लास्टिकच्या केबलमधून प्रकाशानं आठ चॅनेल जातात. म्हणजे इंटरफेसचे स्वतःचे दोन किंवा चार, अधिक हे आठ.

*तसंच सॉकेट, पण आतून फक्त एसपीडीआयएफ.* हा सापळा फार जणांना लागतो. सॉकेट तेच, केबल तीच, टीव्हीला लावतो तीच, पण एसपीडीआयएफ ही वेगळी डिजिटल पद्धत, तिच्यातून दोनच चॅनेल जातात. बाहेरून बघून कळत नाही. कंपनीच्या साईटवरून मॅन्युअल उतरवा आणि त्यात 'एडॅट' हा शब्द शोधा. सापडला नाही तर नाही असंच समजा.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. एडॅटमधून आठ चॅनेल येतात ते ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला किती हजार वेळा आवाजाचं माप घ्यायचं तो वेग). तुम्ही ९६ किलोहर्ट्झ निवडलंत की त्याच एका केबलमधून चारच येतात. काही प्रीॲम्पना आणि इंटरफेसना दोन-दोन ऑप्टिकल सॉकेट असतात ती याचसाठी. घरच्या ड्रमसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. या मापात आठ ट्रॅकची एका तासाची फाईल साधारण ४.१५ जीबी होते, साध्या लॅपटॉपलाही झेपते.

३. तीन वाटा आहेत, आपली कुठली ते ठरवा

पहिली वाट: आठ प्रीॲम्प आतच असलेला इंटरफेस. फोकसराइट स्कार्लेट १८आय२० किंवा बेरिंजर यूएमसी१८२० या जातीचे. एकच डबा, एकच यूएसबी केबल, क्लॉकची (दोन डब्यांचा ठेका जुळवायची, चौथी पायरी बघा) भानगड नाही. ज्यांच्याकडे आज काहीच नाही किंवा फक्त दोन चॅनेलचा इंटरफेस आहे, त्यांनी डोळे झाकून ही वाट धरावी. या दोघांनाही एडॅट इनपुट आहे, त्यामुळे पुढं कधी सोळा माइक लागले तर आठ चॅनेलचा प्रीॲम्प मागून जोडता येतो.

दुसरी वाट: तुमच्याकडे एडॅट इनपुटवाला इंटरफेस आधीच आहे आणि त्याचा आवाज तुम्हाला आवडतो. मग फक्त एडॅट आउटपुटवाला प्रीॲम्प घ्या. बेरिंजर एडीए८२०० हा स्वस्तातला, त्यात ४४.१ आणि ४८ हेच दोन वेग मिळतात, आणि ते पुरतात. फोकसराइटचे ऑक्टोप्री मधल्या पट्ट्यातले. ऑडियंट एएसपी८८० वरच्या पट्ट्यातला.

तिसरी वाट: डिजिटल मिक्सर, जो प्रत्येक चॅनेल वेगळा कॉम्प्युटरला देतो. बेरिंजर एक्सआर१८ आणि मिडास एमआर१८ यांना १६ माइक प्रीॲम्प आहेत आणि यूएसबीवरून १८ चॅनेल वेगवेगळे निघतात. झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ लॅपटॉपशिवाय एसडी कार्डवरही वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करतो. जे लोक लग्नसराईत आणि गणपतीत कार्यक्रम करतात आणि घरी रेकॉर्डही करतात, त्यांना मी हीच वाट सांगतो. एका पैशात दोन्ही कामं होतात.

आता सापळे. दुकानात 'आठ चॅनेलचा यूएसबी मिक्सर' म्हणून जो दाखवतात, त्यातले बहुतेक कॉम्प्युटरला फक्त डावा-उजवा असे दोनच चॅनेल देतात. आठ माइक लावलेत तरी ते एकत्र कालवून दोनात येणार, नंतर स्नेअर वेगळा वाढवता येणार नाही. विचारायचा प्रश्न हा: "यूएसबीवरून एकाच वेळी किती चॅनेल वेगळे रेकॉर्ड होतात?" उत्तर 'दोन' आलं की पुढं बोलू नका.

दुसरं, नावातला आकडा म्हणजे माइकची संख्या नव्हे. पहिल्या वाटेतल्या इंटरफेसना १८ इनपुट म्हणतात त्यात आठ माइकचे, आठ एडॅटचे आणि दोन एसपीडीआयएफचे.

आणि तिसरं: "माझ्याकडे दोन छोटे इंटरफेस आहेत, दोन्ही यूएसबीला लावतो." विंडोजवर एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीचा ड्रायव्हर) वापरताना सॉफ्टवेअर एका वेळी एकच ड्रायव्हर धरतं. मॅकवर दोन यंत्रं जोडून दाखवता येतात, पण दोघांची घड्याळं वेगळी चालतात. जुगाड करू नका, ड्रमला तर नाहीच नाही.

४. क्लॉक: ठेका एकानंच धरायचा

दुसरी वाट घेणाऱ्यांसाठीच ही पायरी आहे. बाकीच्यांनी पुढं जायला हरकत नाही.

डिजिटल यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतं. प्रीॲम्प एक माप घेणार आणि इंटरफेस दुसरं, तर दोघांनी एकाच ठेक्यावर घ्यायला पाहिजे. हलगी वाजते तेव्हा घुमकं तिचा ठेका धरतं. दोघंही आपापला ठेका लावून बसले तर काय होईल? इथंही तेच होतं, आणि ते ऐकू येतं बारीक टिक-टिक, चट-चट अशा आवाजात. लोक समजतात केबल खराब आहे किंवा प्रीॲम्प बिघडलाय. मी स्वतः एका मित्राकडं दोन संध्याकाळी केबल बदलत घालवल्या आणि शेवटी इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमधला एक पर्याय बदलल्यावर सगळं शांत झालं.

नियम सोपा आहे. इंटरफेसला ऑप्टिकल इन आणि आउट दोन्ही असतील तर दोन केबल लावा, इंटरफेस 'इंटर्नल' ठेवा आणि प्रीॲम्पचं क्लॉक बटण 'एडॅट' किंवा 'एक्स्टर्नल'वर करा. इंटरफेसला फक्त ऑप्टिकल इन असेल तर उलटं: प्रीॲम्प 'इंटर्नल ४८'वर, आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स 'एडॅट'. गाण्याचं प्रोजेक्टही ४८लाच उघडा. वर्ड क्लॉकची गोल बीएनसी सॉकेटं दिसली तर ती तिसरा मार्ग आहे, ७५ ओहमची केबल लागते. दोन डब्यांच्या सेटला त्याची गरज पडत नाही.

एक बारीक गोष्ट इथंच सांगतो. प्रीॲम्पमधून आलेला आवाज आणि इंटरफेसच्या स्वतःच्या इनपुटमधून आलेला आवाज यांत काही नमुन्यांचा (वर सांगितलेल्या मापांचा) फरक पडू शकतो. ४८ किलोहर्ट्झला दहा नमुने म्हणजे माइक सुमारे सात सेंटीमीटर मागं सरकवल्यासारखं. म्हणून ड्रमचे सगळे माइक शक्यतो एकाच डब्यात लावा. दोन ओव्हरहेड तर वेगवेगळ्या डब्यांत कधीच लावू नका. गाईड गाणं आणि गिटार इंटरफेसच्या इनपुटवर टाका.

५. ड्रमला गेन कमी लागतो, जागा जास्त लागते

गेन म्हणजे प्रीॲम्प माइकचा संकेत किती वाढवतो ते. प्रीॲम्पच्या जाहिराती '६० डीबी गेन', 'अत्यंत कमी नॉईज' यावर चालतात. गाणाऱ्यासाठी, सतारीसाठी ते महत्त्वाचं आहे. ड्रमला उलट अडचण येते, आवाज मुळातच इतका मोठा असतो की प्रीॲम्पच्या दारातच तो फुटतो.

थोडं गणित करू, एकदा समजलं की जाहिरातीला भुलणार नाही. शुअर एसएम५७ हा स्नेअरवर सगळीकडे लावला जाणारा माइक. ९४ डीबी आवाजाला तो सुमारे १.६ मिलिव्होल्ट देतो. जोरात मारलेल्या स्नेअरच्या तोंडाशी क्षणभर १३४ डीबी धरा. ४० डीबी वाढले म्हणजे व्होल्टेज शंभरपट, १६० मिलिव्होल्ट. डीबीयूमध्ये (माहितीपत्रकात व्होल्टेजची पातळी सांगायचं माप) ते उणे १४च्या आसपास. एवढ्या संकेताला थोडासाच गेन लागतो, नॉब जवळपास खालीच राहतो.

आता त्याच जागी ९४ डीबीला १५ मिलिव्होल्ट देणारा कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील माइक) लावा. तेवढ्याच फटक्याला दीड व्होल्ट निघतात, म्हणजे अधिक ६ डीबीयूच्या जवळ. ज्या प्रीॲम्पचा माइक इनपुट अधिक ४ डीबीयूला संपतो, तो इथं गेन शून्यावर ठेवूनही फुटणार. आणि इथं फुटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं सांधता येत नाही.

म्हणून माहितीपत्रकात एकच ओळ शोधा: माइक इनपुटची कमाल पातळी, किमान गेनवर. अधिक १० डीबीयू किंवा जास्त असेल तर निर्धास्त घ्या. त्याहून कमी असेल तर प्रत्येक चॅनेलला पॅडचं (संकेत आधीच कमी करणारं) बटण आहे का ते बघा. पॅड नसेल तर माइकच्या केबलमध्ये लावायचा २० डीबीचा छोटा पॅड वेगळा मिळतो. स्नेअर आणि किकसाठी दोन घेऊन ठेवले तर काम भागतं. मात्र त्यातून फँटम (कंडेन्सरला प्रीॲम्पकडून मिळणारी वीज, पुढची पायरी बघा) जातो का हे विचारून घ्या.

गेनचे नॉबही हाताळून बघा. काही स्वस्त प्रीॲम्पमध्ये नॉबच्या शेवटच्या पावभागात गेन एकदम उडी मारतो. ड्रमला आपण खालच्या भागात काम करतो, त्यामुळे तो भाग नीट सरकतो का एवढं पाहायचं.

हलगी रेकॉर्ड करणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. शेकून ताणलेल्या हलगीची थाप आणि कैताळाचा कडकडाट यांचं टोक स्नेअरइतकंच तीक्ष्ण असतं. आमच्याकडं हलगीला साधा डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, एसएम५७सारखा) माइक हातभर लांब, जरा तिरका लावतो आणि कैताळाला वेगळा माइक लावतच नाही, तो सगळ्यांत येतोच.

६. फँटम पॉवर: बटणं किती आहेत ते मोजा

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम लागतो. ओव्हरहेड बहुतेक कंडेन्सरच असतात. काही प्रीॲम्पमध्ये आठही चॅनेलना मिळून एकच बटण असतं, काहींत चार-चारचे गट, महागड्यांत प्रत्येकाला वेगळं. बेरिंजर एडीए८२००मध्ये एकाच बटणावर आठही चॅनेल चालू होतात.

एसएम५७सारख्या डायनॅमिक माइकला चांगल्या एक्सएलआर केबलवर फँटमचा त्रास होत नाही. त्रास होतो तो दोन ठिकाणी. जुना रिबन माइक (आत धातूची नाजूक पट्टी असलेला) असेल तर त्याला फँटमपासून लांब ठेवा. आणि ऑक्टोपॅड किंवा कीबोर्डचं आउटपुट जॅक-टू-एक्सएलआर जोडणी करून माइक इनपुटमध्ये घालू नका. ऑर्केस्ट्रात ही सवय सर्रास आहे. त्या चॅनेलवर फँटम चालू असेल तर वाद्याच्या आउटपुटमध्ये उलटे व्होल्ट जातात. डीआय बॉक्स (वाद्य माइक इनपुटला सुरक्षितपणे जोडणारा छोटा डबा) वापरा किंवा लाईन इनपुट.

शक्य असेल तर निदान चार-चारच्या गटाचा घ्या. क्रम नेहमी हाच ठेवा: आधी माइक लावा, स्पीकर-हेडफोनचा आवाज बंद करा, मग फँटम चालू. काढताना आधी फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल.

७. 'वॉर्म' आवाज

यावर फार लिहीत नाही. प्रीॲम्प-प्रीॲम्पमध्ये फरक असतो, मी तो ऐकला आहे. पण आजच्या साध्या आठ चॅनेलच्या डब्यात आणि तिप्पट किमतीच्या डब्यात ड्रमवर जितका फरक पडतो, त्यापेक्षा जास्त फरक स्नेअरचा माइक दोन बोटं सरकवल्यानं आणि नवी पानं (ड्रमवरचे पडदे) चढवून नीट सूर लावल्यानं पडतो. उरलेले पैसे ओव्हरहेडच्या जोडीवर आणि खोलीवर घाला. गांधीनगरच्या बाजारातून जाड रजया आणि पडद्याचं कापड आणून आम्ही दोन भिंती झाकल्या, त्या खर्चाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

८. सोबत काय काय लागेल

प्रीॲम्पचे पैसे हातात आले म्हणून उडी मारू नका. बाकीचं सामान मिळून बराच खर्च होतो आणि ते नसेल तर डबा तसाच पडून राहतो.

- एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या) केबल आठ, पाच-सहा मीटरच्या. अधिक एक जास्तीची. किकची लांब घ्या.
- एडॅटसाठी टॉसलिंक (म्हणजे तीच ऑप्टिकल) केबल, पाच मीटरच्या आत. टोकावरचं प्लास्टिकचं टोपण काढल्याशिवाय ती बसत नाही. करकचून वळवू नका, आतलं प्लास्टिक मोडतं.
- स्टँड: ओव्हरहेडसाठी दोन उंच आणि जड, किकसाठी एक बुटका, टॉमसाठी रिमला अडकवायच्या क्लिपा.
- बंद कपाचे हेडफोन. उघड्या हेडफोनमधला क्लिकचा आवाज ओव्हरहेडमध्ये उतरतो.
- १९ इंची रॅक. एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची. आठ चॅनेलचा प्रीॲम्प तापतो, वर एक युनिट रिकामं सोडा.
- यूपीएस आणि अर्थिंग नीट असलेला एकच बोर्ड.
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मी रीपर वापरतो, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं.

रॅक आणि स्टँडच्या बाबतीत कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं आहे. उद्यमनगरात लेथवाले, फॅब्रिकेशनवाले पावलापावलावर आहेत. अँगलचा रॅक तिथं करून घेतला, आणि ओव्हरहेडच्या स्टँडला तळात ओतीव लोखंडाचं वजनही. माइक स्टँडचे आटे दोन मापांचे येतात: ५/८ इंच, इंचाला २७ आटे, आणि ३/८ इंच, इंचाला १६ आटे. क्लिप आणि स्टँडचं माप जुळलं नाही तर मधला अडॅप्टर लागतो. नमुना हातात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.

अर्थिंगबद्दल गांभीर्यानं सांगतो. हेडफोनमध्ये घुंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर कुणीतरी हमखास सल्ला देतं, प्लगची तिसरी पिन काढून टाक. ते कधीही करू नका, ड्रमवाजवणाऱ्याच्या हातात आणि अंगाशी धातू असतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. मग सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा. तरी गेला नाही तर इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

९. खरेदी करताना

कोल्हापुरात तबला, हार्मोनियम, गिटार, ड्रमसेट उत्तम मिळतात. आठ चॅनेलचे प्रीॲम्प मात्र बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाईन मागवावे लागतात. म्हणूनच परत करण्याचे नियम आधी वाचा. किंमत जीएसटीसह विचारा, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी आहे का हे स्पष्ट विचारा. बाहेरून हातोहात आणलेला माल थोडा स्वस्त पडतो, पण बिघडला की तो बघणारा कुणी नसतो. परदेशी यंत्र असेल तर मागं २३० व्होल्ट चालतात का तेही वाचा.

सेकंडहँड घेत असाल तर लॅपटॉप, एक डायनॅमिक आणि एक कंडेन्सर माइक घेऊनच जा. आठही चॅनेल एकामागून एक तपासा. गेनचा नॉब हळूहळू फिरवा, खरखर आली तर आत धूळ आहे किंवा नॉब झिजलाय. प्रत्येक चॅनेलवर कंडेन्सर लावून फँटम येतो का बघा. ऑप्टिकल केबल लावून दुसऱ्या टोकाला तांबडा उजेड दिसतो का तेही पाहा. विकणारा घाई करत असेल तर पैसे देऊ नका, परत या.

१०. पहिल्या आठवड्यात करायची चाचणी

डबा आला की लगेच गाणं रेकॉर्ड करायला बसू नका. परत करायची मुदत संपायच्या आत या चार गोष्टी उरका.

एक, कुठलाही माइक न लावता आठही ट्रॅक वीस मिनिटं रेकॉर्ड करा आणि नंतर आवाज वाढवून ऐका. एखादी जरी टिक आली तरी चौथ्या पायरीवर परत जा. वीस मिनिटं म्हणतोय कारण क्लॉकचा घोळ कधीकधी दहा-बारा मिनिटांनी दिसतो.

दोन, एकच माइक घेऊन आठही चॅनेलवर, गेन एकाच खुणेवर ठेवून, एकाच जागी काठी वाजवा. आठही पातळ्या जवळपास सारख्या आल्या पाहिजेत. एखादा चॅनेल खूप खाली किंवा खूप नॉईजी असेल तर तो दोष आहे, लगेच कळवा.

तीन, ड्रमवाल्याला म्हणा, गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजव. साउंडचेकला हात जपून पडतो, टेकला पडत नाही. त्या जोराच्या भागाला सॉफ्टवेअरच्या मीटरवर टोक उणे १२ डीबीच्या आसपास येईल एवढाच गेन ठेवा. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडल्यानं काही बिघडत नाही.

चार, स्नेअरच्या खालचा माइक वापरत असाल तर त्याची पोलॅरिटी (लहरीची अधिक-उणे दिशा) उलटी करून ऐका. काठी पडली की वरचं पान वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं पान खालच्या माइककडे येतं. उलटी केल्यावर स्नेअर भरीव झाला तर तेच ठेवा. प्रीॲम्पवर बटण नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये असतंच.

शेजाऱ्यांना ही चाचणी कधी आहे ते आधी सांगा. आम्ही रविवारी अकरा ते एक ही वेळ ठरवून घेतली आहे आणि सहा वर्षांत एकदाही तक्रार आलेली नाही.

आणि पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते. कंडेन्सर माइक काम झालं की लगेच उतरवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. प्रीॲम्पही महिनाभर बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा. कुरिअरनं पुण्याला दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्याच्याइतकं बरोबर बसणारं दुसरं काही मिळत नाही.